बारीक अंगातली चरबी

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा मजकूर आणि दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, नेमका २२.३ होता. जगभरच्या कोणत्याही तक्त्यानुसार दोघंही सडसडीत ठरत होते. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी सारखी असलेली ही दोन शरीरं आतून इतकी वेगळी होती.

वजन, आहार आणि तब्येत यांच्याबद्दल महाराष्ट्रात रोज इतकं बोललं जातं, पण ही गोष्ट अजून फार थोड्या घरांत पोचली आहे. 'मी कुठे जाड आहे?' असं म्हणणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसते, चाळिशीच्या आतच साखर वाढलेली निघते, आणि घरचे चक्रावतात. याचा उलगडा ज्या संशोधनातून झाला, त्यातलं बरंचसं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत झालं आहे.

१९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या बायका शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, गुरांचं करणाऱ्या. गरोदर राहण्याआधी त्यांचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. त्या काय खातात, किती कष्ट करतात, याची नोंद ठेवली गेली, आणि बाळ जन्मलं की त्याची मापं घेतली गेली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांशी ती ताडून पाहिली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इथलं २.७ किलोचं. इथवर कुणालाच नवल वाटलं नसतं.

नवल पुढे होतं. इथल्या बाळांचा पोटाचा घेर खूपच कमी होता, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव लहान होते. दंड बारीक होते, म्हणजे स्नायू कमी होते. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी इंग्रज बाळांच्या बरीच जवळ जाणारी होती. पोटात असताना जे काही अपुरं मिळालं, त्यातून बाळाने मेंदूला आणि चरबीला त्यातल्या त्यात सांभाळलं होतं. कात्री लागली ती स्नायूंना आणि अवयवांना. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी त्याआधीच दाखवून दिलं होतं की कमी वजनाने जन्मलेल्या माणसांना पुढे हृदयविकार जास्त होतात. पुण्याच्या नोंदींनी त्यात भारतीय शरीराचा खास तपशील भरला.

त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद प्रत्येक घरात वाचली जावी अशी आहे. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या बायकांच्या जेवणात हे पदार्थ वरचेवर होते, त्यांची बाळं मोठी होती. गावात पिकणारी मेथी, शेपू, चाकवत यांचं मोल कुठल्याही महागड्या पावडरीपेक्षा कमी नाही, हे तिथे आकड्यांत दिसलं.

ही मुलं पुढे अठरा वर्षांची झाली. सहाशेहून अधिक जणांची ग्लुकोजची तपासणी झाली, तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर मर्यादेच्या वर निघाली. साखर वाढलेली ही मुलं जवळजवळ सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. आणि या तरुणांपैकी ४८ टक्के जण कमी वजनाचे होते! 'जाड माणसाला मधुमेह होतो' या समजुतीला यापेक्षा मोठा धक्का क्वचितच बसला असेल. या मुलांना 'वजन उतरवा' असा सल्ला द्यायचा तरी कसा?

म्हणून याज्ञिक यांच्या चमूने आणखी मागे जायचं ठरवलं. आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसते, असं त्यांना २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं होतं. बी-१२ मिळतं दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून. धान्य-भाजीतून ते मिळत नाही. २०१२ मध्ये त्यांनी याच मुलामुलींना, त्यांचं लग्न आणि मुलंबाळं होण्याच्या आधीच, रोज अगदी अल्प मात्रेत बी-१२ द्यायला सुरुवात केली, पुढच्या पिढीचं बाळ कसं जन्मतं हे पाहण्यासाठी. वजनाचा विचार माणूस जन्मण्याच्या आधीपासून करावा लागतो, हे मानणारं हे संशोधन आहे, आणि ते आपल्या मातीत उभं राहिलं याचं कौतुक वाटायला हवं.

पण बारीक अंगात चरबी असली, तर बिघडतं नेमकं काय? चरबी साठवण्याची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे कातडीखालचा थर. प्रत्येकाच्या शरीरात ही जागा ठरावीक असते. काहींच्यात मोठी, काहींच्यात लहान. कोठार भरलं की धान्याची पोती पडवीत आणि माजघरात रचावी लागतात, तशी उरलेली चरबी मग यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती आणि स्नायूंमध्ये शिरते. यकृतात चरबी साचली की ते इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसतानाही रक्तात साखर सोडत राहतं. स्वादुपिंडात साचली की इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात. स्नायू हे जेवणानंतरची साखर शोषून घेणारं शरीरातलं सर्वांत मोठं ठिकाण. तेच मुळात कमी असतील, तर साखर रक्तातच फिरत राहते. भारतीय शरीरात हे कोठार अनेकदा लवकर भरतं. त्यामुळे एखाद्या युरोपीय माणसाला ८५ किलोवर जो त्रास होईल, तो इथल्या माणसाला ६५ किलोवरही होऊ शकतो.

म्हणूनच भारतीयांसाठीच्या मर्यादा वेगळ्या आहेत. जगात सर्वसाधारणपणे २५ च्या पुढचा बीएमआय जास्त वजनाचा आणि ३० च्या पुढचा लठ्ठपणाचा मानतात. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने हे आकडे २३ आणि २५ वर आणले. त्याहून उपयोगाची आहे शिंप्याची मोजपट्टी. पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि बाईचा ८० पेक्षा कमी असावा. सगळ्यात खालची बरगडी आणि कटीचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. विजारीचा नंबर यासाठी चालत नाही, कारण विजार पोटाखाली घातली जाते. हे आकडे लक्षात राहत नसतील, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढं पुरे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एकूण वजनाच्या हिशेबाने २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ होते, पण पोटाच्या घेराच्या हिशेबाने ३९.५ टक्के. मधल्या अकरा टक्क्यांना आरसा आणि वजनकाटा 'सगळं ठीक आहे' असंच सांगत असणार. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाजही याच पाहणीतला. सर्वाधिक प्रमाण होतं गोव्यात, २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एक.

आता ताटाकडे वळू.

याच पाहणीच्या आहारविषयक भागात, १ लाख २० हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून, २०२५ मध्ये एक गोष्ट समोर आली: भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थ आणि साखर यांतून येतात. प्रथिनं फारच मागे. हे खरं वाटत नसेल, तर नेहमीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे किंवा उपमा. दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. चारला परत चहा, सोबत खारी नाहीतर चिवडा. रात्री पोळी-भाजी आणि वर थोडा वरण-भात. यात अस्सल प्रथिनाचा वाटा म्हणजे ते रात्रीचं पळीभर वरण, तेही बहुतेक पाणीच. हे सगळं घरचं आहे, ताजं आहे, सात्त्विकही आहे. पण दिवसभर एकच एक पिष्ट वेगवेगळ्या रूपांत पोटात जात राहतं.

इथे अनेक जण पोळी सोडून भाकरीकडे वळतात. ज्वारी-बाजरी चांगलीच. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केल्यावर तर भाकरीला शहरी ताटातही मान मिळाला, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ते फार मोलाचं आहे. पण वजनाचा हिशेब भावनेवर चालत नाही. शंभर ग्रॅम ज्वारी, गहू किंवा तांदूळ, कॅलरी साधारण ३२० ते ३६० च्या घरातच. तेल लावून केलेल्या घडीच्या पोळीपेक्षा भाकरी बरी, पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तिच्यात चोथा जास्त. तरी दोन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर पदरात काहीच पडत नाही. 'इंडियाब'च्या अभ्यासातही हेच दिसलं. तांदूळ काढून गहू किंवा भरडधान्य आणलं, पण पिष्टाचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. मात्र कॅलरींपैकी ५ टक्के पिष्ट काढून त्याजागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं घेणाऱ्यांमध्ये धोका कमी आढळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसभराच्या, २००० कॅलरींच्या ताटाचं माप दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या बिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. हेच चौघांच्या घरासाठी महिन्याच्या किराण्यात मांडलं, की चित्र लख्ख होतं. धान्य ३० किलो, तर डाळी आणि कडधान्यं मिळून १० किलो. तेल-तूप सगळं धरून साडेतीन लिटरच्या आसपास. साखर दिवसाला माणशी २५ ग्रॅमच्या आत ठेवायची, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ३ किलो, आणि त्यात गूळ, बिस्किटं, बाहेरचं गोड हे सारं आलं. दुकानातली मागच्या महिन्याची यादी शेजारी ठेवून पाहिली, तर बहुतेक घरांत डाळीचा आकडा बराच खाली आणि तेलाचा बराच वर निघेल. मासे-अंडी खाणाऱ्यांना डाळ थोडी कमी चालेल.

हे काही परकं जेवण नाही. मटकीची उसळ, मुगाची घट्ट आमटी, पिठलं, हुलग्याचं माडगं, डाळ घालून केलेली पालेभाजी, कोशिंबीर, ताक हे सगळं महाराष्ट्राच्याच स्वयंपाकघरातलं. फक्त ताटात त्यांचा वाटा चटणी-लोणच्याएवढा उरला आहे आणि पोळी-भाताने बाकी जागा व्यापली आहे. हा वाटा उलटा करणं, उसळ दोन वाट्या आणि पोळी एक करणं, हा माणसाला वर्षानुवर्षं झेपणारा बदल आहे. खाण्याच्या क्रमाचाही उपयोग होतो. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, असं खाल्लं तर जेवणानंतर साखर कमी उसळते, हे छोट्या पण काटेकोर प्रयोगांत दिसलं आहे.

उपासाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये प्रथिन एक ग्रॅमसुद्धा नाही. त्यात बटाटा, तूप आणि वर साखर पडली, की एकादशीचा दिवस आठवड्यातला सर्वांत जड दिवस होतो. दाण्याचं कूट तेवढं त्याला सावरतं. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिन असतं, तोही उपासाला चालतो. राजगिऱ्याची भाकरी आणि दही हा आजीच्या काळचा उपास होता.

पाकिटांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस जणांना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न. दोन आठवडे साधं घरच्यासारखं अन्न. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा यांचं माप दोन्हीकडे सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. तरीही तयार अन्नाच्या आठवड्यांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. ते भरभर खात होते. मुलांच्या हातात चिप्स आणि क्रीमची बिस्किटं देताना हा प्रयोग आठवावा; तिथे मुलाचा हट्टीपणा किंवा मनाचा दुबळेपणा शोधणं अन्यायाचं आहे.

व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, आणि म्हणून कित्येक जण महिनाभरात तो सोडून देतात. इथेही काट्याने फसवणूक केलेली असते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार यांचा पाठपुरावा झालेल्या गटात ३९ टक्क्यांना. विशेष म्हणजे दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं असं कमी झालंच नव्हतं. शरीर आतून बदलत होतं. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात मधुमेही लोकांना दिवसातून कधीतरी अर्धा तास चालण्याऐवजी तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालायला सांगितलं. जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडची शतपावली घराघरातून गेली ती मालिकांच्या वेळेमुळे. ती परत यावी. तिच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारं काही हवंच: उठाबशा, दंड, सूर्यनमस्कार, जिने, वजनं. साठीनंतर तर याला पर्याय नाही, कारण तेव्हा वजन स्थिर दिसतं आणि आतून स्नायू जाऊन त्यांची जागा चरबी घेत असते.

झटपट उतरवण्याच्या मार्गांबद्दल महाराष्ट्रात जोरदार वाद झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणाले, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा म्हणाल्या, आणि घरोघर दोन पक्ष पडले. दोन्हींचा गुण आलेली माणसं भेटतात. ज्याचं ताट, झोप आणि कामाचं वेळापत्रक ज्या पद्धतीत बसतं, ती तो टिकवतो. टिकलेलीच उपयोगी पडते. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं तोडू नयेत. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

वजन खरोखर उतरलं तर काय घडू शकतं, हे ब्रिटनमधल्या रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या २०१७ च्या प्रयोगातून दिसलं. पंधरा किलो किंवा अधिक वजन कमी केलेल्या मधुमेहींपैकी ८६ टक्क्यांची साखर वर्षअखेरीस औषधांविना मर्यादेत आली होती. टेलर यांनी पुढे बीएमआय सरासरी २५ च्या आत असलेल्या वीस मधुमेहींवर हाच प्रयोग केला, आणि त्यांतल्या चौदा जणांना तोच लाभ झाला. बारीक दिसणाऱ्यांनाही थोडं वजन उतरवून फायदा होऊ शकतो, पण तो वैद्यकीय देखरेखीखाली, स्नायू राखून. २०२५ पासून भारतात वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं मिळू लागली आहेत. ती परिणामकारक आहेत, गरजूंना ती जरूर मिळावीत. पण त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. इंजेक्शन चालू असतानाही ताटात प्रथिन आणि अंगात व्यायाम लागतोच.

या सगळ्यात एका माणसाचा विचार सर्वांत शेवटी होतो, कारण ती जेवायलाच सर्वांत शेवटी बसते. घरात उसळ कमी पडली, तर ती तिच्या ताटात नसते. दूध मुलांना, अंडं नवऱ्याला. तिच्या वाट्याला उरलेली पोळी, भात आणि भाजीचा रस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त निघालं आणि ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी निघालं. वाढलेलं पोट आणि रिकामं रक्त एकाच शरीरात सहज राहू शकतात, आणि तिला सल्ला मिळतो तो 'कमी खा' एवढाच. तिला खरं तर काही गोष्टी जास्त खायच्या आहेत: दोन वाट्या डाळ, मूठभर शेंगदाणे, एक फळ, दही, चालत असेल तर अंडं. त्यासाठी कुकरमध्ये डाळ मोजून जास्त लावावी लागेल, आणि सगळ्यांनी एकाच वेळी पानावर बसावं लागेल.